घरबसल्या टी-शर्ट छपाई: खोट शाईच्या डब्यातच होती

दहीहंडी-गणपतीच्या आधी दरवर्षी हा मेसेज फिरायला लागतो. 'घरबसल्या टी-शर्ट छापा. कोरा माल आमचा, छापलेला माल आम्हीच उचलणार, दर नगाला 22 रुपये.' सांगलीत आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर तो आला तेव्हा मी नोकरी सोडून घरीच होते, मागची खोली रिकामी होती आणि स्क्रीन प्रिंटिंग मला अगदीच परकं नव्हतं. माझ्या काकांचा लग्नपत्रिका छापायचा धंदा आहे, लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे पत्रिका वाळत घालायचं काम आम्हा पोरांकडेच असायचं. सगळं विचारून-सवरून 38,500 रुपये भरले. त्यातला एक रुपयाही अजून परत आलेला नाही.

पैशांच्या बदल्यात मिळालं ते असं: लाकडी टेबल, दोन तयार स्क्रीन (चौकटीवर ताणलेली छपाईची जाळी), स्क्विजी (जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी), पांढऱ्या आणि काळ्या शाईचे डबे, गरम हवेचा एक ड्रायर, शंभर कोरे टी-शर्ट आणि अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग. ट्रेनिंग पुण्यात, एका इमारतीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बाहेरच्या खोलीत टेबल लावलेलं. शिकवणारा मुलगा हाताने तयार होता, एका ओढीत स्वच्छ छाप उठवायचा. मग तो टी-शर्ट उचलून 'सुकवायला' आतल्या खोलीत न्यायचा आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर आणून आमच्या हातात द्यायचा. खणखणीत छपाई, नखाने खरवडली तरी हलत नव्हती. आत काय आहे असं एका बाईंनी विचारलं, तर म्हणाला, 'मोठ्या ऑर्डरचं मशीन आहे ताई, तुम्हाला त्याची गरज नाही. तुमच्यासाठी ड्रायर दिलाय ना.'

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती आतली खोली लक्षात ठेवा.

घरी येऊन कागदावर लिहून दिल्याप्रमाणे केलं. छापायचं, दोन मिनिटं ड्रायर फिरवायचा, एक दिवस वाळत ठेवायचं, घडी घालून पाठवायचं. शंभर नग ट्रान्सपोर्टने गेले. पुढच्या आठवड्यात फोन आला: 'वॉश टेस्ट फेल. पहिल्याच धुण्यात डिझाइन तडकलंय.' खोका परत आला. वर कोऱ्या टी-शर्टची किंमत नगाला 140 रुपये धरून ती मी भरलेल्या पैशांतूनच कापलेली. मी एक टी-शर्ट स्वतः धुऊन पाहिला. खरंच तडकला होता, पांढऱ्या अक्षरांचे पोपडे बादलीत तरंगत होते. इथेच माणूस गप्प बसतो. माल खरोखर खराब आहे हे आपल्याच डोळ्यांनी दिसतं, मग भांडणार कशावरून? आणि नेमक्या त्याच वेळी त्यांचा गोड आवाज येतो, 'होतं ताई सुरुवातीला, हात बसायला वेळ लागतो. आपलं ऍडव्हान्स ट्रेनिंग घ्या, फक्त 6,000.'

मी ते भरण्याआधी सगळं सामान काकांना दाखवलं. त्यांनी काडीने डब्यातली थोडी शाई घेतली, काचेवर फासली आणि म्हणाले, 'अगं, ही तू महिनाभर उघडी ठेवलीस तरी वाळायची नाही. हे प्लास्टिसॉल आहे.'

प्लास्टिसॉलमध्ये पाणी नसतं. पीव्हीसीचे बारीक कण एका तेलकट द्रवात मिसळलेले असतात. ती शाई हवेने वाळत नाही, तिला भाजावं लागतं. साधारण 150 ते 160 अंशांपर्यंत पूर्ण थर, म्हणजे कापडाला टेकलेला तळसुद्धा, तापला तरच कण एकजीव होऊन कापडात घट्ट बसतात. कारखान्यात त्यासाठी पट्ट्यावरून सरकत जाणारा ड्रायर असतो, लहान धंद्यात फ्लॅश क्युअर (छापावर वरून धरायची तापलेली पाटी) नाहीतर हीट प्रेस (कापड दाबून तापवायचं यंत्र). आम्हाला दिलेला ड्रायर केस वाळवायच्या ड्रायरपेक्षा थोडा मोठा, इतकंच. त्याने वरचा पापुद्रा आवळतो, बोटाला चिकटत नाही, वाळल्यासारखं वाटतं. 'भाकरी वरून भाजली, आत पीठच,' काका म्हणाले. अशी छपाई दोन्ही हातांनी ताणली की तडकते, धुतली की सुटते. ट्रेनिंगच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत हीट प्रेस होता हे आता सांगायलाच नको.

स्क्रीनमध्येही तीच चलाखी. टी-शर्टला जाळी मोठ्या छिद्राची लागते, सेंटीमीटरला 43 धाग्यांच्या आसपास, कारण कापड शाई पितं. आम्हाला दिलेली जाळी पत्रिका छापायची, बारीक. गडद कापडावर पांढरा रंग त्यातून पुरेसा उतरतच नाही. मग आपण दोन-तीन ओढी मारतो, छाप पसरते आणि रिजेक्ट करायला त्यांना आणखी एक कारण मिळतं.

म्हणजे हात बसायचा प्रश्नच नव्हता. माल नापास व्हावा असाच संच बांधलेला होता. करारात कलम होतं, 'गुणवत्ता चाचणीत उत्तीर्ण झालेलाच माल स्वीकारला जाईल.' चाचणी घेणार तेच, आणि ती पार होणार नाही अशी शाईही त्यांचीच. माझ्यासोबत शिकलेल्या दोघींशी नंतर बोलले. दोघींचा खोका परत आला, दोघींना ऍडव्हान्स ट्रेनिंग सांगितलं गेलं. एकीने ते घेतलं. तिथे तिला सुचवलं गेलं की आणखी दोन जणी आणल्यात तर भरलेली रक्कम वळती करून देऊ. मी तरी याला चेन मार्केटिंगच म्हणेन, फक्त मध्ये टी-शर्ट घातलेला.

एक साधा हिशोब जाहिरात वाचतानाच करता येतो. तमिळनाडूतल्या तिरुपूरला हजारो टी-शर्ट शिवले जातात तिथेच रांगेने छापलेही जातात. तो माल उचलून सांगलीतल्या एखाद्या घरी शंभर-शंभरने पाठवायचा, छापून परत मागवायचा, दोन्हीकडचं भाडं भरायचं, वर नगाला 22 रुपये द्यायचे, हे कुठल्या व्यापाऱ्याला परवडेल? त्याची कमाई टी-शर्टात नाहीच, ती तुमच्या 38,500 मध्ये आहे.

आता कागदांबद्दल. पावतीवर फक्त 'नोंदणी व प्रशिक्षण शुल्क, ना-परतावा' एवढंच लिहिलं होतं. टेबल, स्क्रीन, शाई यांचा उल्लेखच नाही, म्हणजे सदोष माल विकला असं सिद्ध करणं अवघड. वस्तूंचं वेगळं बिल मागा, त्यावर जीएसटी क्रमांक हवा, आणि तो क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर घालून कुणाच्या नावाने आहे ते तिथल्या तिथे पाहा. फुकट आहे, मिनिटभराचं काम.

पोलीस चौकीत 'हा दिवाणी मामला आहे' हे वाक्य ऐकायला मिळालं, तरीही लेखी अर्ज देऊन पोच घेतली. पैसे ऑनलाइन नुकतेच गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. मला त्याला उशीर झालेला होता. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार नोंदवली तेव्हा त्यांचं उत्तर आलं की मी धंद्यासाठी खरेदी केली, म्हणून मी ग्राहकच नाही. हे उत्तर ऐकून पुष्कळ जण माघार घेतात. घेऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'त धरली जात नाही. शिवाय तक्रार विकणाऱ्याच्या गावी जाऊन करावी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. माझी तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगात आहे, तारखा चालू आहेत.

ज्यांना खरंच घरी आपले चार टी-शर्ट छापायचे आहेत त्यांनी प्लास्टिसॉलच्या वाटेला जाऊ नये. बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारा), रंगाची पेस्ट आणि फिक्सर (रंग पक्का करणारा) असं पाण्यावरचं मिश्रण मिळतं. ते सुती कापडावर चांगलं बसतं. पूर्ण वाळलं की वर सुती फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवायची आणि धुवायला दोन-चार दिवस थांबायचं. पॉलिएस्टरवर मात्र ही हौस नको.

आणि कुणी असं ट्रेनिंग दाखवत असेल तर शिकवणाऱ्याला म्हणा, आम्हाला देणार तोच ड्रायर वापरून इथेच, आमच्या समोर वाळवा. तो टी-शर्ट घरी घेऊन या, धुवा, ताणून बघा आणि मगच पैशांचं बोला.

हाच संच सध्या दुसऱ्या नावाने विकला जातोय. करारातलं कलम शब्दशः तेच आहे, जाहिरातीतला फोन नंबर फक्त बदललाय. जे आधीच अडकलेत त्यांनी वैतागून शाई फेकून देऊ नये. सदोष मालाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायचा अधिकार आयोगाला आहे, त्यामुळे डबा, परत आलेला खोका, त्यावरची ट्रान्सपोर्टची चिठ्ठी आणि त्यांचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी मेसेज, सगळं पुरावा आहे.