स्प्लिटवाइज: समान वाटणी आणि न्याय्य वाटणी

स्प्लिटवाइज हे एकत्र केलेला खर्च आपसात वाटून घ्यायचं ॲप. खर्च टाकला की ते आधी समान भाग करतं. बहुतेक कुरबुरी इथेच सुरू होतात, कारण समान म्हणजे न्याय्य असं प्रत्येक वेळी नसतं. तिघांच्या पाच दिवसांच्या मुक्कामात तिसरा तीनच दिवस राहिला, तर ‘शेअर्स’मध्ये (म्हणजे वाट्यांच्या पर्यायात) ५, ५, ३ भरा, १३०० चे ५००, ५०० आणि ३०० होतात. उत्पन्नात मोठी तफावत असेल तर टक्केवारी वापरा, बेरीज मात्र १०० हवी. कर्ज सोपं करण्याची सोय उत्तम: ‘अ’ ‘ब’चे १०० देणं लागतो, ‘ब’ ‘क’चे १००, तर ‘अ’ थेट ‘क’ला देतो. ती सर्वांना विचारूनच चालू करा. अनोळखी नावापुढे देणं दिसलं की माणसं बिथरतात. स्वयंपाक, साफसफाईचे कष्ट मात्र हिशेबात येत नाहीत, ही खरी उणीव.