कागद आधी, बॉनेट नंतर

बॉनेट गरम होतं. रविवारची सकाळ, साडेनऊ वाजलेले, जुन्या गाड्यांच्या यार्डाचं शटर नुकतंच वर गेलेलं, आणि एजंट सांगत होता, "काका, परवापासून चावीसुद्धा लावलेली नाही." तिथूनच मागे फिरायला हवं होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवून ठेवणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि बिनखर्चाची युक्ती. थंड डिझेल इंजिन सुरू होताना खूप काही सांगून जातं: पहिल्या दोन-तीन सेकंदांत टायमिंग चेनचा खडखडाट, इंजेक्टरची टकटक, सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिन यातलं बरंच पोटात ठेवतं. म्हणून गाडी बघायला सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जायचं आणि नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा.

पुढचं सगळं एकाच गाडीवर मांडलं आहे. प्रत्यक्षात एका गाडीत यातले दोन-तीन प्रकार सापडतात, पण जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळेच नेहमीचे आहेत. गाडी २०१६ची डिझेल हॅचबॅक, मीटरवर ६४,००० किलोमीटर, भाव ३ लाख १० हजार. दुसरा पर्याय नव्या पेट्रोल हॅचबॅकचा: ७ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं, महिन्याला साधारण ११,२६० रुपये हप्ता. "सात वर्षं हप्ता कोण भरत बसणार?" एवढ्यावर घरात निर्णय झाला.

यार्डावर क्रम ठरलेला असतो. आधी गाडी, मग टेस्ट ड्राइव्ह, मग "काल दोन पार्ट्या येऊन गेल्यात," मग टोकन, आणि कागद सगळ्यात शेवटी. दहा हजार टोकन दिलं की माणूस स्वतःच त्या गाडीची वकिली करायला लागतो. बंपरचा रंग थोडा वेगळा दिसतोय असं बायको म्हणाली तर "उन्हामुळे असेल" हे उत्तर एजंटला द्यावंच लागत नाही.

हा क्रम उलटा करायला एक पैसा लागत नाही. फोनवरच गाडीचा नंबर मागा आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, आणि फायनान्सरचं नाव आहे का, हे दोन मिनिटांत दिसतं. या गाडीच्या फायनान्सरच्या ओळीत एका बँकेचं नाव होतं. एजंटचं उत्तर तयार: "लोन कधीच संपलंय साहेब, फक्त एचपी उतरवायची राहिलीय." एचपी म्हणजे गाडीच्या नोंदणीवरचा बँकेचा बोजा. सोबत एनओसीची, म्हणजे बँकेच्या ना हरकत दाखल्याची, झेरॉक्स. मूळ कर्ज खरंच संपलेलं होतं, पण मालकाने त्याच गाडीवर नंतर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घेतलं होतं आणि त्यातले ६२,००० बाकी होते. झेरॉक्स पहिल्या कर्जाची होती.

बोजा उतरवायला बँकेची मूळ एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. त्याशिवाय कर्जखात्याचं शून्य बाकीचं स्टेटमेंट मागा आणि खाते क्रमांक घेऊन स्वतः शाखेत जा. एनओसीवरची तारीखही बघा. तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर नवी आणायला सांगा. बाकी रक्कम असेल तर ती मालकाच्या हातात न देता थेट त्या कर्जखात्यात भरायची आणि उरलेली मालकाच्या बँक खात्यात. हप्ते थकले तर बँक गाडी उचलते, तुमच्या दारातून उचलते, आणि तुम्ही रोखीने पैसे दिलेत की चेकने, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं.

मालक मात्र समोर कधी आलाच नव्हता. एजंटकडे सही केलेले कोरे फॉर्म २९ (गाडी विकल्याची खबर) आणि फॉर्म ३० (नाव बदलायचा अर्ज) होते. हा "ओपन ट्रान्सफर"चा धंदा: गाडी दोन-तीन एजंटांच्या हातातून फिरते, नावावर मात्र पहिल्याच मालकाच्या राहते. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची असते. विकणाऱ्यांनीही हे नीट वाचावं. नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याच्या नजरेत मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच डोक्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. गाडी मधे किती हातांतून गेली याने फरक पडत नाही. एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी आरटीओच्या अधिकृतपत्राची सोय आहे. मालक गाडी डीलरच्या ताब्यात देतो त्याची नोंद फॉर्म २९सीने होते आणि त्यानंतरची जबाबदारी डीलरवर येते. यार्डात हे अधिकृतपत्र मागून बघा. चेहऱ्यावरूनच उत्तर कळतं.

ई-चलान ही छोटी बाब, पण खिसा कापते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली चलानं दिसतात. या गाडीवर साडेसात हजार निघाले.

आता मीटर. डिजिटल मीटरमधला आकडा बदलायला आज मीटर उघडावंही लागत नाही. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक जिथे स्कॅनर लावतो ते) यंत्र जोडलं की काम होतं. स्वस्तात केलेल्या कामात आकडा फक्त मीटरमध्ये बदलतो. काही गाड्यांत इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) किंवा दुसरं एखादं मॉड्यूलही किलोमीटर लिहून ठेवतं आणि स्कॅनर लावला की दोन आकडे जुळत नाहीत. पण सगळ्यात भरवशाचा पुरावा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी. त्या चेसिस नंबरवर असतात, मालक बदलला तरी राहतात. या गाडीची शेवटची नोंद २०२१ची होती, १,०८,००० किलोमीटरची. पाच वर्षांत एक लाख म्हणजे गाडी भाड्याने किंवा कंपनीच्या कामाला पळालेली. त्यानंतर सेंटरला गेलीच नाही, कारण "आमचा मेस्त्री चांगला आहे."

नोंदी मिळाल्या नाहीत तर गाडी स्वतः बोलते. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: ३४२३ म्हणजे २०२३चा चौतिसावा आठवडा. चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे असतील आणि मीटर तीस हजार सांगत असेल, तर मीटर खोटं बोलतंय. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, गिअरच्या मुठीवरची पुसलेली अक्षरं बघा. पेडलचं रबर कोरं करकरीत आणि सीट मात्र बसलेली, हेही तितकंच बोलकं. रबर दोनतीनशे रुपयांत मिळतं, सीटची कड भरून आणायला कोणी जात नाही.

विमा पॉलिसी लोक फक्त मुदतीसाठी बघतात. तिच्यात नो क्लेम बोनसची ओळ असते. क्लेम नसेल तर हा बोनस पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढत जातो. एकाच मालकाकडे सात-आठ वर्षं असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर शून्य दिसलं, तर बहुधा आधीच्या वर्षी क्लेम झालाय किंवा विमा नव्वद दिवसांहून जास्त तुटला होता. दोन्हींचं कारण विचारा. "एकदाही कुठे घासलेली नाही" असं सांगणाऱ्याच्या गाडीत हे शून्य सापडलं की गंमत येते. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तुमच्याकडे तो येत नाही. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमाही नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

पुरातली गाडी ओळखणं हे या सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महागात पडणारं. २६ जुलै २००५ची मुंबई, ऑगस्ट २०१९चं सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१चं चिपळूण: प्रत्येक वेळी छतापर्यंत पाणी गेलेल्या गाड्यांचे ढीग लागले. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि सांगाडा लिलावात जातो. त्यातल्या काही भंगारात न जाता धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विक्रीला उभ्या राहतात. इंजिन खोलून साफ करता येतं. वायरिंग येत नाही. चिखलाचं पाणी कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज सोडतं आणि सहा-आठ महिन्यांनी पॉवर विंडो, एबीएसचा दिवा, एअरबॅगचा दिवा असं एकेक सुरू होतं.

सीट कव्हर नवीन, वास अत्तराचा, कार्पेट शॅम्पू केलेलं, हे सगळं दिसणारच. तुम्ही सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटचा वीतभर पट्टा धुवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. तिथे मातकट रेष दिसली की बाकी काही बघायची गरज नाही. तरी बघायचंच असेल तर ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे घेऊन रुळांच्या बोल्टवर गंज आहे का बघा, डिकीत स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत बोट फिरवा, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात बारीक गाळ शोधा.

अपघाताची गाडी त्यामानाने लवकर सापडते. बॉनेटच्या बिजागरीचे आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट बघा. डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय. मडगार्ड बदललं तर फार बिघडत नाही. पण आतला अ‍ॅप्रन (इंजिनच्या बाजूचा पत्रा) आणि दाराच्या खांबाजवळचं कंपनीचं स्पॉट वेल्डिंग एका बाजूला गोल ठिपक्यांचं आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत असेल, तर सांगाडाच ओढून सरळ केलेला आहे. अशी गाडी टायर एका कडेने खाते आणि अलाइनमेंट करून दमलात तरी सरळ चालत नाही.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का मिळतात तेही यातच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असल्याने त्या बाहेर ढकलल्या जातात. इथे आणल्यावर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवी नोंदणी हे सगळं तुमच्या माथी. आणि सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर आणि पॉलिसीवर नोंद हवीच. सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झाल्याचा दाखलाही मागा. नोंद नसलेलं किट म्हणजे क्लेम नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण.

तर कागद न बघता ही गाडी घेतल्याचा हिशोब. ३ लाख १० हजार गाडीचे. टॉप-अपचे ६२ हजार, चलान साडेसात, क्लच सेट १४, चार टायर १८, सस्पेन्शन १६, बोनसशिवाय विमा १३ हजार. पहिल्याच वर्षी ४ लाख ४० हजारांवर गेलं, आणि इंजेक्टर अजून बोलायचे होते.

म्हणून लगेच शोरूमकडे धावायचं कारण नाही. तिथे क्रम तोच असतो, फक्त एसी असतो. आधी हप्ता सांगतात, व्याज शेवटी. ७ लाखांवर ९ टक्क्यांनी सात वर्षांत २ लाख ४६ हजार व्याज जातं. तेच कर्ज पाच वर्षांत फेडलं तर हप्ता १४,५३० होतो आणि व्याज १ लाख ७२ हजार. खरी फसगत फ्लॅट दरात आहे, म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर, आणि जुन्या गाडीच्या कर्जात ती जास्त सापडते. ५ लाख, पाच वर्षं, "फक्त ९ टक्के फ्लॅट" म्हणजे हप्ता १२,०८३ आणि व्याज सव्वादोन लाख. घटत्या शिलकीवर ९ टक्के असते तर हप्ता १०,३७९ आणि व्याज १ लाख २३ हजार. फ्लॅट ९ म्हणजे प्रत्यक्षात पावणेसोळाच्या आसपास. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४पासून वैयक्तिक कर्जदाराला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सेल्समनच्या वहीतला आकडा सोडा, तो कागद मागा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती दंड, हेही त्यात असतं. विमा शोरूमचाच घ्या अशी सक्ती करता येत नाही, आणि "हँडलिंग" नावाचा आकार सरकारी नाही.

जुनी गाडी "नव्याच्या निम्म्यात" म्हणणाऱ्याला निम्मं कशाचं ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सेसही गेला. कित्येक यार्डांत अजून त्याआधीची शोरूम किंमत धरून निम्मं काढतात.

आमच्या मते बहुतेक घरांसाठी बरा सौदा या दोन टोकांच्या मधे असतो: तीन-चार वर्षांची, एकाच मालकाची, सर्व्हिसच्या सलग नोंदी असलेली पेट्रोल गाडी. ती यार्डावर चमकत नाही आणि भावही पाडून मिळत नाही, त्यामुळे लोक तिच्यापुढून निघून जातात.

पैसे देताना दहा टक्के रक्कम आरसी नावावर येईपर्यंत हातात ठेवायची, आणि तसं लेखी लिहून मालकाची सही घ्यायची. ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, "सायंकाळी ५.४०" अशी. पाच वाजून चाळीसच्या आधीचं चलान त्यांचं, नंतरचं तुमचं.