हार्डन शाफ्ट म्हणून विकलेला साधा रॉड

घरच्या घरी पहिला सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारे यंत्र) उभारणाऱ्यांचा बहुतेक अभ्यास स्पिंडल (कापणारे पाते फिरवणारी मोटार), ड्रायव्हर (मोटारींना वीज पुरवून चालवणारे सर्किट) आणि सॉफ्टवेअर यांवर खर्ची पडतो. ज्या शाफ्टवरून, म्हणजे पोलादी दांड्यांवरून, गॅन्ट्री (स्पिंडल धरणारा पूल) सरकते त्यांची चौकशी व्यास आणि लांबी यांपुढे सहसा जात नाही. विक्रेत्यांनाही हे चांगले ठाऊक असते. नागदेवी स्ट्रीटच्या परिसरातील एका दुकानाने मला नेमके याच ठिकाणी गाठले, म्हणून शाफ्टबद्दलच सविस्तर लिहितो.

गणपतीच्या मखरासाठी प्लाय आणि एमडीएफ कापता येईल, असा साधारण 600 बाय 900 मि.मी. कामाचा राउटर मला भांडुपला भावाच्या गाळ्यात उभारायचा होता. मागणी मी व्हॉट्सॲपवर लेखी दिली होती: 20 मि.मी. व्यासाचे, इंडक्शन हार्डन केलेले (विजेच्या उष्णतेने वरचा थर कठीण केलेले), ॲल्युमिनियमच्या आधारपट्टीवर बसवलेले शाफ्ट आणि त्यांचे बेअरिंग ब्लॉक. ‘मिळेल, ओरिजिनल आहे,’ असे उत्तर आले. दुकानात काउंटरवर दाखवलेला नमुना अस्सलच होता; त्याच्या कापलेल्या टोकाच्या कडेवर कानस चालवली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. मात्र माझ्या लांबीचा माल गोदामातून येईल आणि पक्के बिल संध्याकाळी पाठवतो, असे सांगून पैसे तिथेच यूपीआयने घेण्यात आले. माल घरपोच आला तो ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि वरून पाहता नमुन्याइतकाच चकचकीत.

यंत्र जुळले, चालूही लागले. काही आठवड्यांत गोल कापले की ते किंचित अंडाकृती येऊ लागले आणि अक्षरांच्या कडा फाटू लागल्या. प्रथम संशय बेल्ट आणि बॉल स्क्रूवर गेला. पण गॅन्ट्रीला डायल गेज लावून ती हाताने आडवी ढकलली, तर काटा 0.2 मि.मी. हलला, आणि ब्लॉक सरकवून ग्रीस पुसल्यावर शाफ्टवर बेअरिंगच्या गोळ्यांनी पाडलेल्या समांतर रेघा बोटाला लागल्या. खरे हार्डन शाफ्ट पृष्ठभागाशी साधारण 60 एचआरसी (रॉकवेल सी, कठीणपणाचे माप) कठीण असतात. त्यांवर घरगुती राउटरच्या वजनाने अशा चऱ्या पडण्याचे कारण नाही.

माझ्या शाफ्टचे पृष्ठभाग कानशीला दाद देत नव्हते, आणि फसवणुकीची खुबी यातच आहे. हायड्रॉलिक सिलिंडरसाठी वापरतात तसल्या साध्या पोलादी रॉडवर हार्ड क्रोमचा मुलामा असतो. क्रोम स्वतः अतिशय कठीण असल्यामुळे कानस वरून घसरते. पण त्याची जाडी काही शतांश मि.मी.च असते, खालचे पोलाद मऊ राहते, आणि गोळीचा सगळा भार टिचभर जागेवर आला की पापुद्र्यासकट पोलाद दबते. इंडक्शन हार्डनिंगमध्ये कठीण थर मिलिमीटरच्या हिशेबात खोल जातो. तेव्हा कानस लावायची ती कापलेल्या टोकाच्या बाहेरच्या कडेवर, वरच्या चकाकीवर नव्हे. माझ्या रॉडच्या टोकावर ती पहिल्याच घासेला रुतली.

त्याहून सोपी कसोटी म्हणजे शाफ्ट आपल्यासमोर कापायला सांगणे. हार्डन शाफ्टवर साध्या हॅकसॉचे दात बोथट होतात, त्याला अपघर्षक चकतीच लागते. दुकानातल्या पोऱ्याने हॅकसॉने सहज तुकडा पाडून दिला, तर पैसे खिशातच ठेवावेत. आधारपट्टीच्या शाफ्टला खालून आट्यांची भोके असतात. माझ्या रॉडला ती मागाहून, तीही वाकडीतिकडी पाडलेली होती, आणि कठीण पोलादात असे ड्रिल-टॅप कोणी फावल्या वेळात करत नाही.

चाचणीसाठी एक तुकडा प्रयोगशाळेत दिला. रॉकवेल सी मापनात 150 किलोचा भार पडतो, त्यापुढे क्रोमचा थर टिकत नाही. तिथे नोंदवण्याजोगा आकडाच मिळेना, म्हणून मऊ धातूंसाठीच्या बी मापनावर जावे लागले. तो लेखी अहवाल घेऊन दुकानात गेलो, तेव्हा मालकांनी शांतपणे मला त्यांचेच पक्के बिल दाखवले. संध्याकाळी आलेल्या त्या बिलावर लिहिले होते, ‘एम. एस. राउंड बार, क्रोम, 20 मि.मी.’ एम. एस. म्हणजे माइल्ड स्टील, साधे मऊ पोलाद. भाव हार्डनचा, वर्णन साध्या रॉडचे. ‘साहेब, बिलात जे आहे तेच दिलंय.’ इतकी प्रामाणिक बनवेगिरी मी प्रथमच पाहिली.

गॅन्ट्री सरकवण्यासाठी त्याच दुकानातून घेतलेल्या स्टेपर मोटारींचेही तेच. नेमा 23 या त्यांच्या मापातला आकडा फक्त पुढच्या चौकोनी तोंडाचा, म्हणजे सुमारे 57 मि.मी.चा आहे, टॉर्क (फिरवण्याचा जोर) मुख्यतः मागच्या लांबीवर ठरतो. 18.9 किलो-सें.मी.ची मोटार साधारण 76 मि.मी. लांब असते, माझ्या मोटारींवर स्टिकर तोच, लांबी 56. व्हर्निअर लावताच मालकांनी मोटारींच्या भावातला फरक लगेच परत केला, शाफ्टचा मात्र नाही.

व्हॉट्सॲपवरची लेखी मागणी आणि त्यांचा होकार हाच आता माझा आधार आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून, पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे आहे. तिथे 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत 2 वर्षांची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिलात मुदत दिलेली नसेल, तर सदोष माल 30 दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, त्यामुळे चाचणी शक्य तितक्या लवकर करून घ्यावी. राउटर धंद्यासाठी घेत असाल, तर व्यापारी हेतूचा मुद्दा समोरून हमखास काढला जाईल. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः चालवण्याचे यंत्र असेल तर कायद्याने सूट आहे, पण ते सिद्ध करावे लागते.

नवे शाफ्ट मी दुसऱ्या दुकानातून घेतले. तिथे चकतीने समोर कापून दिले, आणि ‘इंडक्शन हार्डन, 58 ते 62 एचआरसी’ हे शब्द बिलावर आल्यानंतरच मी पैसे पाठवले.