ग्लस्टरची तब्येत: क्लस्टरला विचारावी की फाइल लिहून बघावी?

ग्लस्टर म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच सामायिक साठा करणारं सॉफ्टवेअर. रेड हॅटने आपल्या ग्लस्टर स्टोरेजचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपवला. तरीही तीन नोडांचा (सर्व्हरचा) रेप्लिका ३, म्हणजे प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, चालवणारे बरेच आहेत, मीही त्यातलाच. आता लक्ष आपलं आपणच ठेवायचं. स्क्रिप्ट दोन प्रकारे लिहिता येते. एक तर 'ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस' आणि 'हील इन्फो' चालवून उत्तर तपासायचं. नाहीतर माउंटवर (ग्लस्टरचा साठा जिथे जोडलाय त्या डिरेक्टरीत) छोटी फाइल लिहायची, परत वाचायची आणि ब्रिकवर (नोडवर प्रत जिथे साठते त्या डिरेक्टरीत) हील व्हायच्या, म्हणजे मागे पडलेली प्रत जुळवून घ्यायच्या, किती नोंदी थकल्यात ते मोजायचं. दोन्ही मी चालवलेत.

पहिल्या प्रकाराचं सुख म्हणजे नेमकेपणा. कुठल्या नोडवरचा कुठला ब्रिक बंद आहे ते 'ऑनलाइन' रकान्यात सरळ दिसतं. एक्सएमएल पर्याय दिला तर ऑक-ग्रेपने मजकूर चाळायची झटापटही वाचते.

मला नडलं ते लॉक. स्टेटस विचारलं की ग्लस्टरडी (नोडांचा कारभार बघणारा ग्लस्टरचा प्रोग्राम) लॉक घेतो, तोवर दुसरी कमांड चालत नाही. माझी स्क्रिप्ट तिन्ही नोडांच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) होती, दर पाच मिनिटांनी, एकाच क्षणी सुटणारी. एकीला लॉक मिळायचं, दुसरीला 'अनदर ट्रान्झॅक्शन इज इन प्रोग्रेस'. स्क्रिप्टच्या लेखी तो बिघाडच. रात्री दोनला मेसेज, उठून बघावं तर सगळं ठीक. महिन्याभरात आमच्यापैकी कुणी ते मेसेज उघडेनासं झालं, आणि एक ब्रिक खरोखर पडला तेव्हा आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. वेळा मागेपुढे केल्या, एकाच नोडवरून विचारलं. फरक पडला, पण त्याच वेळी कुणी हाताने कमांड दिली की पुन्हा तेच.

दुसऱ्या प्रकारात लॉकचा संबंधच येत नाही. आता कुणी म्हणेल, रेप्लिका ३ मध्ये एक ब्रिक गेला तरी लिहिणं चालूच राहतं, मग कळणार कसं? त्या लिहिलेल्या फाइलनेच कळतं. पडलेल्या ब्रिकपर्यंत ती पोचत नाही, म्हणून उरलेल्या दोन ब्रिकांवर, 'डॉट ग्लस्टरएफएस'मधल्या 'इंडायसेस'खालच्या 'एक्सॲट्रॉप' डिरेक्टरीत तिची नोंद पडते आणि हील होईपर्यंत हलत नाही. एलएस करायचं, 'एक्सॲट्रॉप-'ने सुरू होणारी मूळ फाइल सोडायची, बाकीच्या मोजायच्या. चालू कामात नोंदी क्षणभर येतात-जातात. म्हणून सलग तीन वेळा आकडा शून्यावर आला नाही, तरच मेसेज.

मात्र माउंट सुटलेलं असेल तर स्क्रिप्ट खालच्या लोकल डिस्कवर लिहून 'ठीक' सांगते, तेव्हा आधी 'माउंटपॉइंट' कमांडने खात्री करा. पिंग-टाइमआउट, म्हणजे उत्तर न देणाऱ्या नोडची वाट बघायची मुदत, मुळात ४२ सेकंदांचा असतो. नोड वीज गेल्यासारखा अचानक गेला तर तेवढा वेळ माउंट अडकून राहतं. म्हणून मी स्क्रिप्टचा टाइमआउट ६० ठेवलाय, आणि आधीची फेरी अडकली असताना नवी सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक (स्क्रिप्टची एकच फेरी चालू देणारी लिनक्स कमांड).

सगळं एकाच माणसाच्या हाती, एकाच नोडवरून चालत असेल तर पहिला प्रकारही बहुधा पुरेल. पंधरा-वीस नोड असतील तर दोन्ही सोडून प्रोमिथियससारख्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरकडे वळलेलं बरं. आमच्यासारख्या लहान क्लस्टरला मात्र मी फाइल लिहूनच बघेन. स्टेटस अजूनही चालवतो, पण आकडा अडकल्यावरच, एका नोडवरून, आणि त्याचं उत्तर मेसेजलाच जोडतो. कुठला ब्रिक गेला ते अंथरुणातच कळतं.