ओपन फ्रॅक्चरची डिब्राइडमेंट आणि सीएमएसच्या मोफत एनसीसीआय फाइल्स: काय मिळतं, काय नाही

उघड्या (ओपन) फ्रॅक्चरची जखम मेलेली, घाण ऊती काढून साफ केली (म्हणजेच डिब्राइडमेंट) आणि त्याच वेळी हाडात रॉड घातला, तर दोन्ही कोड लावायचे का? अमेरिकन विम्याची बिलं (क्लेम) कोड लावून तयार करणाऱ्या ऑर्थो कोडरांपुढचा हा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी सीएमएसच्या (मेडिकेअर चालवणारी अमेरिकन सरकारी संस्था) एनसीसीआय फाइल्स, म्हणजे कोणते दोन कोड एकत्र बिल होत नाहीत त्या जोड्यांच्या याद्या, मोफत उतरवता येतात. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा दर तिमाहीला नव्या येतात. डॉक्टरांच्या बिलांचा संच वेगळा, हॉस्पिटलच्या आउटपेशंट बिलांचा वेगळा, हे उतरवतानाच बघा.

वाचायला फाइल सोपी आहे. जोडीतला पहिल्या रकान्यातला कोड मंजूर होतो, दुसऱ्यातला अडतो. मॉडिफायरच्या (कोडला जोडायच्या दोन अंकी किंवा अक्षरी खुणेच्या) रकान्यात ० असेल तर कुठलाच मॉडिफायर चालत नाही, १ असेल तर योग्य कारण असल्यास चालतो, ९ म्हणजे ती अट उरलेली नाही. लागू आणि रद्द झाल्याच्या तारखा शस्त्रक्रियेच्या तारखेशी ताडायच्या, क्लेम पाठवण्याच्या नव्हे.

पण जोडी यादीत सापडली नाही म्हणजे दोन्ही कोड लावायला मोकळीक मिळाली, असं अजिबात नाही. खरा नियम एनसीसीआयच्याच पॉलिसी मॅन्युअलच्या (नियमपुस्तिकेच्या) चौथ्या प्रकरणात आहे: हाडाच्या शस्त्रक्रियेच्याच जागेतली डिब्राइडमेंट वेगळी बिल होत नाही, ओपन फ्रॅक्चर किंवा डिसलोकेशनसाठीचे (सांधा निखळणं) डिब्राइडमेंटचे कोड ११०१० ते ११०१२ हा अपवाद. ते प्रकरण न वाचता नुसती फाइल चाळणं धोक्याचं आहे.

ऑप नोट (शस्त्रक्रियेची लेखी नोंद) पारखायचं काम तर फाइल करतच नाही, आणि डिनायल (क्लेम नाकारले जाणं) तिथूनही येतात. ११०१० त्वचा आणि तिच्याखालच्या ऊतीसाठी, ११०११ फॅशिया (स्नायूवरचं आवरण) आणि स्नायूपर्यंत, ११०१२ हाडापर्यंत. त्या जागी सर्वांत खोलचा जो थर खरोखर काढला, त्याचा एकच कोड. हाड नुसतं दिसत होतं म्हणून ११०१२ लागत नाही. हाडाचा भाग कापून किंवा खरवडून काढल्याचं लिहिलेलं हवं. फक्त सलाइनने धुतलं असेल तर यातला एकही नाही. इथे क्षेत्रफळही मोजत नाहीत. २० चौरस सेंटिमीटरचा हिशेब ११०४२ ते ११०४७ या इतर जखमांच्या डिब्राइडमेंट कोडांचा, आणि सवयीने २७७५९ (टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या, फ्रॅक्चरमध्ये रॉड घालणं) सोबत त्याच जागेसाठी ११०४४ टाकला की तो वरच्या नियमात अडकतो.

निदानाचा कोडही जुळायला हवा. टिबियाच्या एस८२ या निदान कोडात सातवं अक्षर बी म्हणजे गस्टिलो (ओपन फ्रॅक्चरच्या तीव्रतेची वर्गवारी) १, २ किंवा प्रकार न लिहिलेलं ओपन फ्रॅक्चर, सी म्हणजे ३ए, ३बी, ३सी. तिथे ए राहिलं तर फ्रॅक्चर बंद ठरतं आणि ११०१२ ला आधारच उरत नाही.

दुसऱ्यांदा साफसफाई ९० दिवसांच्या ग्लोबलमध्ये (पहिल्या शस्त्रक्रियेच्या फीमध्येच पुढची देखभाल धरलेला काळ) येते. ती आधीच ठरलेली असेल तर मॉडिफायर ५८. संसर्गासारख्या गुंतागुंतीमुळे अचानक ओटीत न्यावं लागलं तर मॉडिफायर ७८. ५८ साठी पुढच्या डिब्राइडमेंटचा बेत पहिल्याच ऑप नोटमध्ये लिहून घ्या.