वजनानुसार शफल: काही महिने वापरल्यानंतर

सरावाच्या प्रश्नांचा क्रम दर वेळी बदलावा, पण कच्चे प्रश्न शक्यतो आधी यावेत, एवढीच माझी गरज होती. म्हणून प्रश्न जितका कच्चा, तितकं त्याला जास्त वजन (एक आकडा) दिलं. फिशर-येट्स शफल, म्हणजे यादी पिसायची नेहमीची पद्धत, सगळ्या क्रमांना सारखीच संधी देते, त्यामुळे ते बाद. मग एफ्राइमिडिस आणि स्पिराकिस यांची २००६ मधली पद्धत घेतली. तेव्हापासून तीच चालू आहे.

कोड दोन-तीन ओळींचा. प्रत्येक प्रश्नासाठी ० ते १ मधला रँडम आकडा घ्यायचा, त्याचा '१ भागिले वजन' इतका घात काढायचा आणि उतरत्या क्रमाने सॉर्ट करायचं. वजनाच्या प्रमाणात एकेक प्रश्न उचलून बाजूला काढत गेलात तरी शक्यता नेमक्या याच येतात. इथे फक्त दर वेळी बेरीज नव्याने करावी लागत नाही.

रँडम आकड्याला सरळ वजनाने गुणून सॉर्ट करणारे बरेच दिसतात. ते चुकीचं आहे. वजनं ५ आणि ३ असतील, तर पहिला दुसऱ्याच्या आधी येण्याची शक्यता ०.६२५ हवी, गुणाकाराने ती ०.७ होते. १० आणि १ असतील तर ०.९०९ च्या जागी ०.९५, म्हणजे हलक्या प्रश्नाची संधी जवळजवळ निम्मी!

घाताच्या पद्धतीचा मला सगळ्यात आवडलेला गुण हाच, की कुठल्याही दोघांत कोण आधी येईल याची शक्यता बाकीच्या यादीवर अवलंबून नसते. यादी कितीही वाढो, तपासायला एक जोडी पुरते.

त्रास झाला तो बारीक वजनांचा. वजन ०.००१ असेल तर घात १०००. रँडम आकडा साधारण ०.४७ च्या खाली गेला की उत्तर इतकं लहान होतं की डबलमध्ये (संगणक दशांश आकडे ठेवतो त्या नेहमीच्या प्रकारात) थेट शून्य. असे बरेच प्रश्न शून्यावर एकत्र आले की सॉर्ट त्यांना मूळ क्रमातच ठेवतं आणि शफल झालंय असं नुसतं वाटतं. म्हणून घाताऐवजी लॉग घ्यावा: रँडम आकड्याचा लॉग भागिले वजन, क्रम तोच. रँडम आकडे देणारा जनरेटर कधीतरी नेमका ० देऊ शकतो, म्हणून लॉग नेहमी (१ वजा तो आकडा) याचा घ्यावा. शून्य वजनाचे प्रश्न आधीच वेगळे काढून, साधं शफल करून शेवटी जोडावेत.

वजनावरून शेवटच्या जागेचा अंदाज मात्र बांधू नये. ५, ३, २ या वजनांत पहिल्या जागेच्या शक्यता ०.५, ०.३, ०.२ असतात; शेवटच्या जागेच्या साधारण ०.१६, ०.३३, ०.५१. हे आकडे वजनांच्या उलट प्रमाणातही बसत नाहीत.

आधीच एक ठरलेला क्रम असेल आणि तो थोडासाच विस्कटायचा असेल, तर ही पद्धत घेऊ नका. त्यासाठी मॅलोजचं १९५७ चं मॉडेल बरं: मूळ क्रमाच्या तुलनेत जितक्या जोड्या उलटतील, तितकी त्या क्रमाची शक्यता घटत जाते.