घरातलं मिरर रेड : साडेतीन वर्षांनी बिघडलं, दुरुस्त केलं, त्यानंतरचे आठ महिने

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या घरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात आईबाबांचे सगळे अल्बम होते. पाणी ओसरल्यावर ते फोटो एकमेकांना चिकटून लादी झाली होती, जे सुटले ते वरच्या खोलीत पेपरवर पसरून वाळवले आणि दिवाळीपर्यंत रोज रात्री बसून स्कॅन केले, सहा हजारांच्या आसपास भरले. ते परत कधीही जाऊ नयेत म्हणून वरच्या मजल्यावर जुना डेस्कटॉप ठेवून त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क घातल्या, डेबियन ही लिनक्सची आवृत्ती टाकली आणि एमडीएडीएम या प्रोग्रॅमने रेड वन (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणं) म्हणजे मिरर केलं. जे लिहाल ते दोन्ही डिस्कवर जातं, एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. मी अजूनही मिररच वापरतोय आणि पुढेही वापरणार, पण मागच्या जुलैत जे झालं ते नीट सांगायला हवं, कारण असं चालवणारे बरेचजण तीच चूक करत असणार.

साडेतीन वर्षं काहीही त्रास नाही. मग एके दिवशी बाबांना टीव्हीवर फोटो दाखवताना एकेक फोटो उघडायला वीस-पंचवीस सेकंद लागायला लागले. मशीनवर जाऊन एमडीस्टॅट, म्हणजे डिस्कची स्थिती दाखवणारी फाइल, बघितली तर चौकोनी कंसात दोन यू (चालू डिस्कमागे एक) दिसायला हवेत तिथे एकच यू आणि त्याच्या बाजूला नुसती रेघ. म्हणजे ॲरे (डिस्कची जोडी) डिग्रेडेड, एक डिस्क बाहेर पडलेली, आणि लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, तारीख नऊ दिवस आधीची. नऊ दिवस आम्ही एकाच डिस्कवर चालत होतो आणि मला पत्ता नाही, कारण इशारा जायला मेल सेट करावा लागतो तो मी केलाच नव्हता.

पहिल्यांदा मला वाटलं केबल असेल, आणि तसं वाटायला कारण होतं. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे काढले तर १९९ नंबरचा, म्हणजे सीआरसी एररचा काउंट शेकड्यात होता. हा आकडा डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेवर डेटा बिघडला की वाढतो, बहुतेक वेळा साटा केबल किंवा कनेक्टर. कोकणातला पावसाळा, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट डाग दिसत होते. नवी केबल घातली, डिस्क परत जोडली, बिटमॅप (कुठल्या जागा बदलल्या याची नोंद) असल्यामुळे फक्त मधल्या नऊ दिवसांतला फरक कॉपी झाला आणि दहा मिनिटांत दोन्ही यू परत आले. एक लक्षात ठेवा, १९९ चा आकडा कधी शून्य होत नाही, केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का एवढंच बघायचं.

बारा दिवसांनी तीच डिस्क परत बाहेर. या वेळी १९९ तिथल्या तिथे होता पण ५ नंबरचा, म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), आणि १९७ नंबरचा, म्हणजे वाचता न आलेले पेंडिंग सेक्टर, हे दोन्ही वाढत होते आणि कान लावला की आतून टक... टक-टक असा आवाज. गूगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात पहिला स्कॅन एरर (डिस्क स्वतःला तपासताना सापडलेली चूक) आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट जास्त निघाली. म्हटलं हिच्यावर आता विश्वास नको.

नवी डिस्क आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "साहेब, चार टीबी म्हणजे चार टीबी, फरक काय असणार?" फरक मोठा आहे. त्याच्याकडे होती ती एसएमआर, म्हणजे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. नेहमीच्या वापरात कळत नाही पण रीबिल्डसारखं (नव्या डिस्कवर सगळी प्रत परत उतरवणं) तासन्‌तास सलग लिहायला लावलं की जीव टाकते. २०२० मध्ये तर नॅस, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेज मशीनसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कसुद्धा न सांगता एसएमआर निघाल्या होत्या, त्यामुळे मॉडेल नंबर डेटाशीटमध्ये बघून सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) आहे याची खात्री केल्याशिवाय घेऊ नका. मी ऑनलाइन मागवली, चार दिवस लागले, ते चार दिवस मशीन बंद ठेवलं.

डिस्क आली, पार्टिशन केलं, ॲरेत घातली. साधारण साडेसात तासांचं काम, एमडीस्टॅटमध्ये टक्के चढताना बघत बसलो होतो. ७१.३ टक्के. मग १० मिनिटांनी बघितलं, ७१.३. लॉग उघडला तर रीड एरर, आणि तो नव्या डिस्कचा नाही, जी चांगली म्हणून राहिली होती तिचा. रीबिल्ड थांबलं आणि नवी डिस्क स्पेअर म्हणून बाजूला बसली. बाबा दारात उभे होते, म्हणाले, "फोटो गेले काय रे?" मला उत्तर देता येईना.

आता खरं कारण, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मिररमध्ये वाचताना डेटा दोघींपैकी एकीकडूनच येतो, त्यामुळे दुसरीवरचा एखादा सेक्टर खराब झाला तरी तो कोणी वाचेपर्यंत कळतच नाही. स्कॅन करून ठेवलेले फोटो तर वर्ष वर्ष कोणी उघडत नाही. यासाठी चेक नावाचं काम असतं, दोन्ही डिस्क पूर्ण वाचायच्या आणि जिथे वाचता येत नाही तिथे दुसरीवरची प्रत घेऊन तो सेक्टर परत लिहायचा. मी टाकलेल्या डेबियनमध्ये हे आपोआप लावलेलं असतं, महिन्याच्या पहिल्या रविवारी, शनिवारची मध्यरात्र उलटून १२ वाजून ५७ मिनिटांनी. आणि मी वीज वाचवायला मशीन रोज रात्री ११ ला बंद करायचो. साडेतीन वर्षांत एकदाही चेक चाललेला नव्हता. एक डिस्क मेली तेव्हा दुसरी आधीच आतून किडलेली होती, दोन्ही एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या, सीरियल नंबरसुद्धा लागोपाठचे.

इथे मी एक गोष्ट बरोबर केली, परत रीबिल्ड करायचा हट्ट सोडला. आजारी डिस्कला परत परत पूर्ण वाचायला लावणं म्हणजे तिला संपवणं. मशीन बंद केलं, पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टिम (डिस्कवर काही न टाकता चालणारी) चालू केली आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने ती डिस्क नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवायला घेतली. हे चांगला भाग आधी घेतं, अडलं तिथे हटून न बसता पुढे जातं, खराब जागांवर शेवटी परत येतं आणि सगळं एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू. सगळ्यात भीती दिशेची, उलटं टाइप केलं तर कोरी डिस्क फोटोंवर चढणार. लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात म्हणून त्यांच्यावर जाऊच नका, सीरियल नंबर बघा. मी दोन्ही डिस्कवर चिकटपट्टी लावून जाड पेनने 'इथून' आणि 'इथे' लिहिलं आणि एंटर दाबायच्या आधी बायकोला सीरियल नंबर मोठ्याने वाचायला लावले.

रात्री साडेनऊला लावलं, सकाळी सहाला पहिली फेरी पूर्ण. खराब जागांवर अजून तीन फेऱ्या दिल्या. शेवटी ४ टीबीमधले १२,२८८ बाइट आले नाहीत, म्हणजे ४ केबीचे तीन सेक्टर. त्या तीन जागांचा हिशेब लावून डीबगएफएस या प्रोग्रॅमने शोधलं तर दोन जागा रिकाम्या होत्या आणि तिसरी माझ्या मावशीच्या मंगळागौरीच्या व्हिडिओत. चालवून बघितला, झिम्मा चालू असताना क्षणभर हिरवे चौकोन येतात आणि परत बायका फेर धरतात. सगळे फोटो सुखरूप.

असा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, केल्यावर जुनी डिस्क मशीनमधून काढायचीच, कारण दोघींवर ॲरेची ओळख एकच असते आणि सिस्टिम कुठलीही उचलू शकते. मग क्लोनवर एकटीवर ॲरे चालू केला, फाइल सिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) आधी नुसती तपासली, आणि वेगळ्या कंपनीची दुसरी डिस्क घेऊन आत घातली. या वेळी रीबिल्ड सलग शंभरला गेलं. दोन डिस्कचे मिळून २२ हजार गेले.

त्यानंतरचे आठ महिने. चेक आता पहिल्या रविवारी सकाळी १० ला, मेल येतो आणि तो येतोय का हे टेस्ट मेसेज पाठवून बघितलंय. डिस्क नॅसवाल्या घेतल्या त्याचं अजून एक कारण आहे, साध्या डिस्क खराब सेक्टरवर एकेक-दोनदोन मिनिटं झटत बसतात आणि लिनक्स ३० सेकंद वाट बघून तिला रीसेट करतं, मग एका सेक्टरपायी पूर्ण डिस्क बाहेर जाऊ शकते. नॅसच्या डिस्क ७ सेकंदांत हात वर करतात आणि मिरर आपलं काम करतो. ६०० व्हीएचा यूपीएस लावलाय. प्रत्येक डिस्कवर सीरियल नंबरची चिठ्ठी, बाहेरून दिसेल अशी.

तक्रार एकच. दोन्ही प्रती वाचता आल्या पण वेगळ्या निघाल्या तर खरी कुठली हे या मिररला कळत नाही, कारण चेकसम (डेटा बदलला का हे ओळखायचा आकडा) नाही. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये ते कळतं, आज नव्याने करायचं असतं तर मी झेडएफएस केलं असतं.

आणि बॅकअप वेगळाच. सप्टेंबरमध्ये भाच्याने चुकून एक फोल्डर उडवलं, ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून गेलं, कराडला बहिणीकडे ठेवलेल्या तिसऱ्या डिस्कवरून आणलं. ती डिस्क दर दोन महिन्यांनी एसटीने ये-जा करते.

या महिन्यातला चेक झाला, पेंडिंग शून्य, १९९ चा आकडा स्थिर. फक्त मार्चच्या उकाड्यात दुपारी दोन्ही डिस्क ४६ डिग्रीला जातायत. पुढच्या आठवड्यात समोरून १२० एमएमचा पंखा लावतोय, मेमधले आकडे खाली जोडेन.